बाळंतपणानंतर सतत लघवी गळते आहे: हा आजार कोणता आणि मुंबईत उपचार कुठे होतील?

चेंबूरकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या इमारतीत काही घरी पोळ्या करायला येणाऱ्या एका मुलीविषयी हा प्रश्न आहे. तिची ओळख पटेल असे तपशील मी मुद्दाम गाळले आहेत आणि लिहिण्याआधी तिची परवानगी घेतली आहे. 'नाव तेवढं टाकू नका, आणि कुणी बरं करणारं असेल तर बघा,' असे ती म्हणाली.

ती गोवंडीच्या एका वस्तीत राहते. वय विशीच्या आसपास, माहेर मराठवाड्यात, नवरा नाक्यावर मिळेल ते बिगारी काम करणारा. पहिले बाळंतपण माहेरीच व्हायचे या रीतीप्रमाणे सातव्या महिन्यानंतर तिला गावी धाडले. मुंबईतल्या कुठल्याही प्रसूतिगृहात तिचे नाव घातलेले नव्हते, आणि गावच्या आशाताईंच्या वहीतही ते फार उशिरा चढले. कळा सुरू झाल्यावर सुईण आली. मूल पुढे सरकत नाही असे पाहून गावातल्या एका कंपाउंडरने कळा वाढवण्याचे इंजेक्शन दिले आणि दोन बायकांनी वरून पोट दाबले. अशा दोन रात्री गेल्यावर जीप ठरवून तिला तालुक्याला हलवले. मूल मेलेलेच जन्मले. घरी परतल्यावर आठवडाभरातच तिचे अंथरूण ओले राहू लागले, आणि तेव्हापासून दिवसरात्र, उठता-बसता, झोपेतसुद्धा लघवी गळते आहे. लघवीला लागल्याची जाणीवही तिला फारशी होत नाही.

हे माझ्या लक्षात आले ते चहावरून. ती आमच्याकडे कधीच चहा घेत नाही आणि मे महिन्यातही पाणी पीत नाही. बस म्हटले तर खुर्चीवर बसत नाही. मोरीच्या उंबऱ्याशी, उघड्या फरशीवर टेकते, आणि निघण्यापूर्वी तेवढी फरशी स्वतः फडक्याने पुसून जाते. एका घराने 'वास येतो' म्हणून तिचे काम बंद केले. सासूच्या मते ही अंगातली उष्णता आहे, तर मावससासूच्या मते बाधा. वस्तीतल्या डॉक्टरांनी 'इन्फेक्शन' म्हणून वारंवार गोळ्या दिल्या, पण तपासले एकदाही नाही. रात्री ती दाराशी वेगळे अंथरूण टाकून झोपते, आणि तिला कायमची माहेरी पोहोचवावी असे बोलणे आता घरात सुरू झाले आहे.

मला जाणून घ्यायचे आहे की हा आजार नेमका कोणता, तो बरा होतो का, मुंबईत तिला कुठे न्यावे आणि खर्च किती येईल. आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. आपल्या राज्यात बहुतेक बाळंतपणे आता दवाखान्यात होतात असे आपण वाचतो. मग अशी इजा आजही कशी होते, आणि झाल्यावर कुणाच्याच नजरेला कशी पडत नाही?

दादरकर, निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ

चेंबूरकर ताई, प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, हे प्रथम स्पष्ट करतो. परंतु आपण लिहिलेली हकीकत ज्या इजेकडे बोट दाखवते, ती ओळखणे कोणत्याही स्त्रीरोगतज्ज्ञाला अवघड जाऊ नये. अडलेल्या बाळंतपणानंतर मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामधल्या पडद्याला भोक पडते. त्याला प्रसूतिजन्य फिस्टुला म्हणतात.

बाळाचे डोके आईच्या कटीच्या हाडांत अडकले आणि कळा मात्र चालूच राहिल्या, तर एका बाजूने डोके आणि दुसऱ्या बाजूने पुढचे हाड यांच्यामध्ये मूत्राशयाचा भाग दाबला जातो. काही तास असा दाब राहिला की त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तेथील मांस मरते. मेलेला भाग लगेच गळून पडत नाही. साधारण तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान तो सुटतो आणि मग गळती सुरू होते. त्यामुळेच घरच्यांना तिचा बाळंतपणाशी संबंध वाटत नाही आणि उष्णता, बाधा अशी कारणे शोधली जातात. हाच दाब मागच्या बाजूला पडला तर गुदाशयाला भोक पडून शौचही योनीमार्गातून येऊ लागते. काही स्त्रियांच्या पायाच्या नसाही दबतात आणि पाऊल उचलताना ओढ लागते, म्हणून तिच्या चालण्याकडे लक्ष द्या. इतका वेळ अडलेले मूल बहुतेक वेळा वाचत नाही. म्हणजे ही इजा होते तेव्हा त्या बाईचे मूलही बहुधा गेलेले असते, आणि घरातले सारे त्या एका दुःखात असल्याने तिच्या शरीराकडे कुणाचे लक्षच जात नाही.

बाळंतपणानंतरची प्रत्येक गळती फिस्टुलाची नसते. खोकताना, हसताना, हंडा उचलताना थोडी लघवी होणे हा स्नायू सैल पडल्याचा परिणाम असतो आणि त्यावर व्यायामानेही बराच उतार पडतो. वारा किंवा शौच रोखता न येणे हे बहुधा गुदद्वाराचा स्नायू फाटल्याचे लक्षण असते. बसताना खाली काही आल्यासारखे वाटणे म्हणजे अंग बाहेर येणे, म्हणजेच गर्भाशय खाली सरकणे. मात्र जाणीव न होता दिवसरात्र गळत राहणे, आणि तेही अडलेल्या बाळंतपणानंतर, हे फिस्टुलाचेच चित्र आहे. गोळ्यांनी ते भोक बुजत नाही.

तपासणी सोपी आहे. मूत्राशयात निळ्या रंगाचे पाणी सोडतात आणि योनीमार्गात कापसाचे तीन बोळे एकावर एक ठेवतात. कोणता बोळा निळा झाला आणि कोणता नुसताच ओला झाला, यावरून भोक कुठे आहे याचा अंदाज येतो. मूत्रवाहिनीला, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात येणाऱ्या नळीला, इजा असेल तर बोळा ओला होतो पण निळा होत नाही. पुढे दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहतात आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी किंवा स्कॅन करतात.

उपचार वेळेवर अवलंबून असतात. गळती सुरू झाल्यावर लगेच लक्षात आले आणि भोक लहान असेल, तर मूत्राशयात नळी घालून ते काही आठवडे पूर्ण रिकामे ठेवल्याने काहींचे भोक आपोआप भरून येते. या मुलीच्या बाबतीत तो काळ उलटून गेलेला दिसतो, म्हणून शस्त्रक्रिया लागेल. तीही सूज उतरून आजूबाजूचे मांस मऊ झाल्यावरच करतात, त्यासाठी इजेपासून साधारण तीन महिने थांबायचा प्रघात आहे. पुष्कळदा ती कमरेत इंजेक्शन देऊन योनीमार्गातूनच होते, पोटावर छेद घ्यावा लागत नाही. भोक साधे असेल तर दहांपैकी सुमारे नऊ जणी बऱ्या होतात. परंतु पहिल्या प्रयत्नात यश येण्याची शक्यता सर्वांत अधिक असते आणि प्रत्येक फसलेल्या शस्त्रक्रियेनंतर ती घटत जाते. म्हणून जवळ आहे म्हणून कुठल्याही लहान नर्सिंग होममध्ये हे करवून घेऊ नका. केईएम, सायनचे लोकमान्य टिळक, नायर आणि जे. जे. या रुग्णालयांत स्त्रीरोग व मूत्ररोग असे दोन्ही विभाग आहेत. गोवंडीहून सायन सोयीचे पडेल. सकाळी स्त्रीरोग ओपीडीचा केसपेपर काढा आणि 'पांढरे जाते', 'जळजळ होते' असे मोघम न सांगता 'बाळंतपणानंतर सतत लघवी गळते' हे वाक्य सरळ सांगा. पालिकेच्या रुग्णालयांत खर्च फार कमी येतो, आणि राशनकार्ड व आधारकार्ड नेल्यास महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून काय मिळेल ते तेथील आरोग्यमित्र सांगतील.

तोवर तिला एक गोष्ट आजच सांगा. पाणी कमी प्यायल्याने गळती थांबत नाही. लघवी मात्र दाट होते, कातडी अधिक सोलवटते, वास वाढतो आणि मूत्राशयात खडा होण्याचा धोका निर्माण होतो. तिने भरपूर पाणी प्यावे, साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावे आणि मांड्यांना पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा. शस्त्रक्रियेपूर्वी हिमोग्लोबिन वाढवावे लागेल, त्यासाठी लोहाच्या गोळ्या व सकस जेवण सुरू व्हायला हवे.

कळा वाढवण्याच्या इंजेक्शनाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मूल अडलेले असताना असे इंजेक्शन देऊन वरून पोट दाबणे म्हणजे बंद दारावर माणूस ढकलत राहणे आहे. त्यात गर्भाशय फाटून आई तासाभरात जाऊ शकते. वरून पोट दाबू नये असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. ही मुलगी जिवंत राहिली हेच मोठे आहे.

आकड्यांविषयी आपण विचारलेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणे संस्थांमध्ये झाल्याचे दिसते, देशाचा आकडा ८८.६ टक्के आहे. ही प्रगती खरी आहे आणि तिच्यामागे हजारो परिचारिकांचे व आशांचे श्रम आहेत. पण बाळंतपण कुठे संपले हे या आकड्यावरून कळते, तेथे पोहोचण्यापूर्वी किती तास गेले हे कळत नाही. आपल्या या मुलीचे बाळंतपणही कागदोपत्री दवाखान्यातलेच आहे. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये माता दगावण्यामागचे तीन उशीर मांडले: न्यायचे ठरवण्यातला उशीर, वाटेतला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यातला उशीर. तिच्या वाट्याला निदान पहिले दोन तरी आले आहेत. तिसऱ्याविषयी तालुक्याच्या दवाखान्याचा कागद पाहूनच बोलता येईल. तो कागद असेल तर जरूर बरोबर न्या.

मानखुर्दची आरोग्य स्वयंसेविका

डॉक्टरांनी उपचाराचे सर्व सांगितले आहे. मी वस्तीत घरोघरी फिरते, म्हणून 'कुणाच्या नजरेला कशी पडत नाही' एवढ्याचेच उत्तर देते.

आमच्या भागातल्या कितीतरी सुना पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत मुंबईत असतात आणि नंतर गावी जातात. येथे नाव घालायला गेले की पत्त्याचा पुरावा मागतात. भाड्याची खोली, करार नाही, आधारकार्डावर गावचा पत्ता, अशा स्थितीत घरातले म्हणतात, 'गावीच जायचंय, इथं कशाला?' गावी गेल्यावर तेथील ताई विचारतात, 'आधीचे कागद कुठे आहेत?' अशी ती दोन्ही वह्यांच्या मध्ये राहून जाते. खरे तर शहरात एकदा जरी तपासणी झाली, उंची मोजली, रक्त पाहिले आणि हातात कार्ड दिले, तरी पुढच्या दवाखान्याला ते उपयोगी पडते. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बाईची तपासणी मोफत होते. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी संस्थेत बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि येण्याजाण्याचे वाहन हे सगळे विनामूल्य मिळायला हवे. आमच्या गल्लीतल्या बायकांना योजनेची नावे माहीत नसतात, पण रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक मात्र सर्वांच्या तोंडी आहे, म्हणून मी तेवढे तरी दारोदार पुन्हा पुन्हा सांगते.

दुसरे कारण वयाचे आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर तिच्या गरोदरपणाची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. कायदा मुलींच्या रक्षणासाठी आहे आणि तो असायलाच हवा, हे माझे ठाम मत आहे. पण लहान वयात लग्न लावून दिलेली घरे त्या भीतीने दवाखान्याचे तोंडच टाळतात, आणि जिची कटी अजून पुरती वाढलेली नाही, जिला दवाखान्याची सर्वांत जास्त गरज आहे, तीच मुलगी सुईणीच्या हाती राहते. लग्नच होऊ न देणे हा यावरचा खरा उपाय आहे. परंतु ज्या मुलीचे लग्न होऊन गेले आणि दिवस गेले, तिला धीर देऊन दवाखान्यात पोहोचवणारे कुणीतरी लागते, आणि ते काम आज ज्याच्या त्याच्या चांगुलपणावर सोडलेले आहे.

तिसरी गोष्ट मला फार बोचते. बाळंतपणानंतर घरी ज्या भेटी द्यायच्या असतात त्यांचे तक्ते बाळासाठी केलेले आहेत. बाळाचे वजन, बाळाचे तापमान, नाळ, अंगावर पिणे. बाळच नसेल तर त्या घरी जाण्याचे निमित्तच उरत नाही, आणि मूल गेलेल्या घरात 'कशी आहेस?' असे विचारायलाही जीभ रेटत नाही. या आजाराच्या बाया त्याच घरांत असतात.

विचारायचे कसे, तर सरळ विचारावे. 'काही त्रास आहे का?' असे विचारले की उत्तर नेहमी 'नाही' येते. मी विचारते, 'लुगडं ओलं होतं का गं? हसता-खोकताना होतं, की सारखंच?' एवढे विचारले की बाई आधी खाली बघते, मग दार लोटून घेते आणि मग बोलते. सासू घरात असेल तर मी पाण्याच्या रांगेत गाठते. दारूबंदी, पैसे, मारहाण यावर मोकळेपणाने बोलणाऱ्या बायकाही या एका गोष्टीवर गप्प असतात.

चेंबूरकर ताई, ती गोवंडीची आहे म्हणजे आमच्याच बाजूची आहे. तिची तयारी असेल तर ओपीडीच्या दिवशी मी बरोबर येते.

घाटकोपरची वाचक

मी शिकलेली आहे, नोकरी करते आणि माझे बाळंतपण शहरातल्या एका खासगी रुग्णालयात झाले. चिमटा लावून मूल काढताना गुदद्वारापर्यंत फाटले. टाके घातले गेले, पण किती फाटले हे मला कुणी सांगितले नाही आणि घरी सोडतानाच्या कागदावरही ते नव्हते. नंतर कित्येक महिने मला वारा रोखता येत नव्हता आणि कधी कधी शौचही. पुन्हा दाखवायला गेले तेव्हा 'पहिल्या बाळंतपणानंतर होतं असं, हळूहळू जाईल,' असे ऐकवले गेले. लोकलमध्ये गर्दीत उभी राहायची मला धास्ती बसली होती आणि मी कामावर परत जाण्याचा विचार सोडला होता.

पुढे एका तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले की फाटण्याच्या चार पायऱ्या असतात, तिसऱ्या व चौथ्या पायरीत गुदद्वाराचा स्नायू फाटतो, आणि तो भूल देऊन, चांगल्या उजेडात, अनुभवी हाताने शिवायचा असतो. माझ्यावर नंतर दुरुस्तीची शस्त्रक्रिया झाली आणि स्नायूंचे व्यायाम शिकवले गेले. आज मी कामावर आहे.

ही मुलगी आणि मी यांच्यात फार मोठे अंतर आहे, आणि माझे दुःख तिच्या पंगतीला बसवण्याचा माझा हेतू नाही. माझ्याजवळ दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्याचे पैसे होते आणि प्रश्न विचारायची भाषा होती, तरीही मला इतका वेळ लागला. तिच्याजवळ यातले काहीच नाही. म्हणून ओपीडीत तिच्याबरोबर बोलणारे माणूस असणे मला अत्यंत आवश्यक वाटते. स्वयंसेविका ताईंच्या शेवटच्या वाक्याने मला भरून आले.

गिरगावकर

आरोग्याच्या इतिहासाची आवड असल्यामुळे थोडी भर घालतो, कारण या आजाराचा इतिहास चेंबूरकर यांच्या प्रश्नाला उत्तर देतो.

हा आजार जुना आहे. इजिप्तमध्ये सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका राजस्त्रीच्या ममीत मूत्राशयाला पडलेले असे भोक आढळले आहे. भोक बंद करण्याची भरवशाची पद्धत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, अमेरिकेत मॅरियन सिम्स या सर्जनने चांदीच्या तारेचे टाके वापरून बसवली. त्यासाठी १८४० च्या दशकात त्याने ज्यांच्यावर भुलीशिवाय वारंवार शस्त्रक्रिया केल्या त्या गुलाम स्त्रिया होत्या. अनार्का, बेट्सी आणि ल्युसी ही त्यांतल्या तिघींची नावे. त्यांच्यातल्या कुणालाही नकार देण्याचा अधिकार नव्हता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्सचा पुतळा २०१८ मध्ये हलवण्यात आला. आज जी शस्त्रक्रिया या मुलीला बरे करील, तिच्या मुळाशी त्या बायकांच्या यातना आहेत, हे नोंदले जावे असे मला वाटते.

पुढे युरोप-अमेरिकेत अडलेल्या बाईचे वेळेवर सिझेरियन होऊ लागले आणि हा आजार तेथून जवळजवळ नाहीसा झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी ५० हजार ते १ लाख स्त्रियांना ही इजा होते, आणि त्या प्रामुख्याने आफ्रिकेतल्या व आशियातल्या गरीब स्त्रिया आहेत. कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅम्लिन हे डॉक्टर दांपत्य १९५९ मध्ये इथिओपियाला गेले आणि १९७४ मध्ये त्यांनी अदिस अबाबा येथे केवळ या आजारासाठी रुग्णालय उभारले. तेथे रुग्ण म्हणून आलेली मामितू गाशे ही निरक्षर मुलगी बरी झाल्यावर तेथेच राहिली, डॉक्टरांच्या हाताखाली शिकत गेली आणि पुढे स्वतः फिस्टुलाच्या शस्त्रक्रिया करू लागली. २३ मे हा दिवस २०१३ पासून या आजाराच्या उच्चाटनासाठी पाळला जातो.

मुंबईपुरते बोलायचे तर १८८६ मध्ये सुरू झालेले कामा रुग्णालय स्त्री-डॉक्टरांच्या हाती सोपवले गेले, कारण बायका पुरुष डॉक्टरांपुढे येत नसत. भारतातल्या सुरुवातीच्या स्त्री-डॉक्टरांपैकी एक असलेल्या डॉ. रखमाबाईंनीही विलायतेहून परतल्यावर तेथे काही काळ काम केले. याच शहरात डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी अंग बाहेर येण्यावरच्या शस्त्रक्रिया विकसित केल्या. त्या दोघांच्याही नावाने आज पाठ्यपुस्तकांत आहेत. म्हणजे कौशल्याची येथे वाण कधीच नव्हती. उणीव कशाची आहे ते गडचिरोलीत दिसले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या.

चेंबूरकर

सर्वांची मनापासून आभारी आहे. डॉक्टरांचा मजकूर मी तिला वाचून दाखवला. पाणी प्यायचे आहे हे ऐकून तिला खरेच वाटेना, तिने ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. जायची तिची तयारी आहे. तालुक्याचा कागद माहेरी आहे, भाऊ त्याचा फोटो पाठवणार आहे. तिने विचारलेले तीन प्रश्न येथे मांडते. शस्त्रक्रियेसाठी नवऱ्याची सही लागते का? नळी घेऊन घरी जावे लागले तर दहा बाय दहाच्या खोलीत आणि सार्वजनिक शौचालयात ती कशी सांभाळायची? आणि तिला पुन्हा मूल होईल का? तिसरा प्रश्न तिने सर्वांत शेवटी आणि अगदी हळू विचारला.

दादरकर, निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ

सज्ञान स्त्रीच्या शस्त्रक्रियेला तिची स्वतःची संमती पुरते. रुग्णालय जवळच्या नातेवाइकाची सही मागते ते सोबतीसाठी. ती भावाने किंवा आईने केली तरी चालावी. अडचण आली तर वॉर्डातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. अशा प्रसंगी मार्ग काढणे हे त्यांचे कामच आहे.

साध्या फिस्टुलानंतर नळी सात ते दहा दिवस ठेवणे पुरते असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. भोक मोठे असेल तर अधिक दिवस लागतात. नळी तुंबली तर मूत्राशय फुगून टाके तुटतात, त्यामुळे ती निघेपर्यंत दाखलच ठेवून घ्या अशी विनंती पहिल्याच दिवशी करा आणि घरची परिस्थिती स्पष्ट सांगा. केसपेपरवर तशी नोंद झाली तर पुढच्या युनिटच्या डॉक्टरांनाही ते कळते. नंतर तीन महिने पतीपत्नीसंबंध ठेवायचे नाहीत आणि हंडा, बादली असे जड काही उचलायचे नाही. हे नवऱ्याला डॉक्टरांच्याच तोंडून सांगितले जावे, म्हणून तो एकदा तरी ओपीडीत येईल असे पाहा. बाधा किंवा तिचा दोष यात काही नाही, ही बाळंतपणात झालेली जखम आहे, हेही त्याने तेथेच ऐकावे.

मूल होऊ शकते. पाळी सुरू झाली आहे का ते डॉक्टरांना सांगा, कारण या आजारात ती पुष्कळदा काही महिने थांबते आणि प्रकृती सुधारल्यावर परत येते. पुढचे बाळंतपण मात्र मोठ्या रुग्णालयात आणि सिझेरियननेच व्हायला हवे. दिवस राहिल्याचे कळताच मुंबईत नाव घालायचे आणि त्या वेळी गावी जायचे नाही, हे आत्तापासूनच दोन्ही घरच्यांना सांगून ठेवा.

मानखुर्दची आरोग्य स्वयंसेविका

कागदाचा फोटो आला की कळवा. केसपेपरच्या रांगेत लवकर लागावे लागते, म्हणून तिला कामावर त्या दिवसाची सुट्टी सर्व घरांनी मिळून द्यावी आणि पगार कापू नये, एवढे आपण बघा. पाऊस असला तर पोत्याऐवजी मेणकापड आणि दोन कोरड्या साड्या तिच्याबरोबर असू द्या. बाकीचे मी पाहते.